धोंडबाच्या बाजूची दूब

कोणी ऐकलंच नाही माझं, भागीरथा. तीन वरसं झाले, याच गेस्ट हौसच्या व्हरांड्यात उभी राहून मी बागेच्या साहेबाले सांगतलं — तुझ्या धोंडबानं नाही जाळली ही लॉनची दूब. एकदा नाही, चारदा. साहेब म्हणे, मग कोणी जाळली? अन् मी गप. आता गप राहणाऱ्या बाईचं कोण खरं मानते — बस वं, पायरीवर बस, साहेब याले टाइम आहे. कामाच्या अर्जात नवऱ्याचं नाव लिवलंस? लिवलंस. मंग कालच्यासारखंच म्हणन तो — लॉन जाळणाऱ्याची बायको नको कामावर.

काम तुले जमन. ही सगळी दूब म्या अन् तुझ्या नवऱ्यानं कुरुदच्या तळ्याच्या पाळीवरून आणली, बोऱ्यात भरून. इथं नुसता लाल मुरूम होता. त्यावर गाळ टाकला, मोथ्याची एकेक गाठ वेचली — मोथा राहिला तं दुबीले जगू देत नाही — अन् मागं मागं सरकत एकेक काडी टोचली, अनवाणी पायानं दाबत. ही इकडची बाजू माझी, ती फाटकाकडची धोंडबाची. त्याची महिन्यात हिरवीगार. माझ्या बाजूले मोथाच मोथा — घाईनं वेचला होता ना म्या. साहेब रोज त्याच्या बाजूले उभा राहून म्हणे, रुक्माबाई, देखो, सीखो. पोलादाच्या प्लांटातल्या रशियन साहेबाईले फोटो काढाले त्याचीच बाजू. मले राग नाही आला. आला — थोडासा.

खताचं ध्यानात ठेव. आपल्या प्लांटातलंच, कोळशाच्या भट्टीकडून येते, पांढरं, साखरेसारखं. दूब कोरडी असताना फेकाचं अन् लगेच पाणी — एकही दाणा पात्यावर दिसला नाही पायजे, नाहीतं उन्हानं जळते. त्या दिवशी धोंडबा नव्हता. तुझं बाळंतपण अडलं होतं, तुले घेऊन दवाखान्यात गेला. जाताना म्हणे, रुक्माबाई, माझ्याबी बाजूले टाकून देजो. खताच्या कोठीची चाबी देऊन गेला. टाकलं म्या. आपल्या बाजूले पाणी दिलं, त्याच्या बाजूले जाते तं नळाचं पाणी गेलं. मी काय करणार?

तिसऱ्या दिवशी फाटकाकडं सगळं पिवळं. चाबी धोंडबाच्या नावावर, अन् हजेरीबी त्याची लागलेली. म्याच लावली होती, मुकादमाले खोटं सांगून — त्याचा रोज बुडू नये म्हणून, बाळंतपणाचं घर. चांगल्यासाठीच केलं, तेवढं तरी खरं मान. मी नव्हतोच, एवढं तो बोलला असता तं सुटला असता, पण खोट्या हजेरीपायी माझी नोकरी जाती. म्हणून नाही बोलला. माझ्याकडं पाहिलं फक्त अन् पावडं ठेवून निंगून गेला. आता अहिवाऱ्याच्या चुन्याच्या खदानीत दगड फोडते, खोकलून राहिला म्हणतेस, उठवत नाही म्हणतेस — म्हणूनच तं तू आली इथं काम मांगाले. अन् मी अजून याच लॉनवर. साहेबानं दोन्ही बाजू माझ्याच हवाली केल्या. फाटकाकडच्या दुबीवर पाय ठेवत नाही मी. कडेकडेनंच पाणी मारते.

कावून पाहून राहिली अशी? पाणी गेलं होतं म्हटलं ना.

नव्हतं गेलं. नळ चालू होता, भागीरथा, पाइप हातात होता, पाणी पायावर पडून राहिलं होतं. त्याच्या बाजूले पाहिलं — एवढी हिरवी — अन् नळ बंद केला, पाइप गुंडाळला, घरी गेली. ऊन चढून राहिलं होतं. मले मालूम होतं.

ऊठ. जीप आली साहेबाची. अर्ज तुझा तूच दे. तो म्हणन, लॉन जाळणाऱ्याची बायको. तू म्हणजो, जाळणारा तो नाही. मग कोणी, असं विचारन. मी मागंच उभी राहते, नाही म्हणणार नाही. पण पहिले तू बोल, माझं तोंड ऐन टाइमाले बंद पडते. जाय. कोणी जाळली म्हटलं तं एवढंच सांगाचं आहे — रुक्मानं.