मोपानेची दुसरी डहाळी

जबाब देणाऱ्याचे नाव: हिस्किया उइराब. वय: ६३ वर्षे. धंदा: शिकारीच्या फार्मवर जनावरांचा माग काढणे. राहणार: रूइवाटर फार्म, कामगार वस्ती, तालुका आउट्यो, नामिबिया. लिहून घेणार: सार्जंट नंगोंबे. सोमवार, दिनांक १६ जून, सकाळी ९ वाजून १० मिनिटे.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, कोणी दमदाटी केलेली नसताना, विचारल्यावरून सांगतो की, वरील फार्मवर मी अडतीस वर्षे नोकरीस आहे. पत्नी अल्बर्टिना व मुलगी रेनाटे यांच्यासह तेथेच राहतो. यापूर्वी माझ्यावर कोणताही गुन्हा नाही.

फार्मचे नवे व्यवस्थापक रियान साहेब यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. शनिवार, दिनांक १४ जून रोजी मी फार्मवरील एक नर कुडू, म्हणजे पिळदार शिंगांचे मोठे हरीण, चोरून मारला व त्यासाठी मयत मालकांची बंदूक वापरली, असे त्यात म्हटले आहे. ती तक्रार मला वाचून दाखवली. कुडू मी मारला. बंदूक मालकांची होती. "चोरून" हा शब्द मला मान्य नाही.

मालक म्हणजे गेरहार्ट ल्युटिख, वय ७१. ते २२ एप्रिल रोजी झोपेत वारले. त्यांना फार्मवरच, घरामागच्या काटेरी बाभळीखाली पुरले आहे. खड्डा मी व माझा मित्र कमाती यांनी खणला. कमाती फार्मवर कुंपणाचे काम करतो. मालक पाहुण्यांना सांगत असत की, हिस्किया माझा नोकर नाही, मित्र आहे. मला मात्र त्यांनी हे कधी तोंडावर सांगितले नाही.

माझे काम असे. परदेशातून पाहुणे येतात. बहुतेकांची ती पहिलीच शिकार असते. बायका, भाऊ, मित्र, सासरे असा सगळा गोतावळा बरोबर असतो. मी पुढे चालतो, माग काढतो, राखेची पुरचुंडी झटकून वारा बघतो. जनावर दिसले की तीन काठ्यांची घोडी उभी करून पाहुण्याची बंदूक तिच्यावर टेकवतो आणि त्याच्या कानात "आता" म्हणतो. जनावर पडले की फोटो काढतात. त्या वेळी मी गवतात पालथा पडून जनावराचे डोके मागून धरतो, म्हणजे शिंगे ताठ दिसतात. हजारेक फोटोंत मी आहे, पण कुठेच दिसत नाही. एका फोटोत माझा अंगठा आला होता. त्या पाहुण्याने पुढच्या वर्षी तो मला आणून दाखवला आणि खूप हसला. मीही हसलो. मला हसू आलेले नव्हते.

आमच्याकडे एक रीत आहे. ती मालकांच्या आजोबांनी आणली व आता ती आमचीही झाली आहे. जनावर पडले की जवळच्या झाडाची हिरवी डहाळी मोडून त्याच्या तोंडात द्यायची. हा त्याचा शेवटचा घास. दुसरी डहाळी रक्ताला लावून शिकाऱ्याच्या टोपीत खोचायची व त्याचा हात हातात घ्यायचा. ही दुसरी डहाळी शिकाऱ्याने स्वतः खोचायची नसते. ज्याने त्याला जनावरापर्यंत नेले त्यानेच ती द्यायची. मी अशा किती डहाळ्या दिल्या याची गणती नाही. माझ्या टोपीत एकही नाही, कारण मी कधी शिकारी नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी मालकांचे हात कापू लागले. तेव्हापासून बंदुकीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. त्याच हिवाळ्यात एकदा पाणवठ्याजवळ बसलो असताना मालक मला म्हणाले, "हिस्किया, तू काम सोडशील त्या वर्षी जूनचा दुसरा शनिवार तुझा. तुझी माणसं घेऊन यायचं. तू पाहुणा. एक मोठा कुडू तुझा."

मी म्हणालो, "आणि माझ्यापुढे माग कोण काढणार? सगळ्या फार्मवर मागाची अक्कल मला एकट्यालाच."

मालक म्हणाले, "आहे एक गडी माझ्या डोक्यात. पाय जरा जड आहेत त्याचे, पण मिळेल."

मी नाव विचारले. त्यांनी सांगितले नाही, नुसते हसले. पुढे मी आणखी दोनदा विचारले. दर वेळी तेच उत्तर. या जूनअखेर मी काम सोडणार आहे. त्यापूर्वीच मालक गेले.

कागद आहे का, असे सार्जंटनी विचारले. माझ्याकडे कागद नाही. मालकांच्या कचेरीत मी अडतीस वर्षांत उंबऱ्याच्या आत गेलेलो नाही. बंदुकीचे कपाट बाहेर पडवीत आहे.

शुक्रवारी, दिनांक १३ रोजी, दुपारी चारच्या सुमारास मी रियान साहेबांकडे गेलो. ते फोनवर बोलत होते. मी म्हणालो, "साहेब, उद्या मालकांनी ठरवलेलं आहे, त्यासाठी माणसं घेऊन पश्चिमेच्या डोंगरावर जातो." त्यांनी हातानेच "जा" अशी खूण केली. कुडूचे नाव मी घेतले नाही. बंदुकीचेही घेतले नाही. शब्द ओठांवर होते, ते मी गिळले. ही चूक माझी आहे, ती मी कोणावर ढकलत नाही. नाव घेतले असते आणि ते "नाही" म्हणाले असते, तर मला परत फिरावे लागले असते. दोन वर्षे ज्याची वाट पाहिली ते दारातच संपले असते. ती हिंमत माझ्यात नव्हती.

शनिवारी सकाळी पावणेसात वाजता आम्ही निघालो. मी, पत्नी, मुलगी, मेहुणा योशुआ व कमाती असे पाचजण. रियान साहेब पहाटेच गावाला गेले होते. पत्नीने चर्चला जायचा लांब झगा घातला होता. मी म्हणालो, "काट्यात फाटेल." ती म्हणाली, "पाहुण्याची बायको आहे मी आज. फाटला तर तुझ्या साहेबाकडून शिवून घेईन."

मागावर मीच पुढे होतो, कारण दुसरे कोणी नव्हते. ताजे खूर सापडले आणि माझा पाय उचलला गेला. कमाती मागून ओरडला, "अहो पाहुणे! पाहुण्यासारखं चाला की. जरा धापा टाका, पाणी मागा, बूट चावतो म्हणा. असला पाहुणा आम्हाला परवडत नाही." योशुआ हसला. मी काही पाय आवरला नाही. मधेच पत्नीने सगळ्यांना बसवून तळलेल्या गोड पुऱ्या व चहा दिला. मी उभ्यानेच प्यालो.

आठ वाजून वीस मिनिटांनी नर दिसला. अंतर सुमारे एकशे वीस पावले. शिंगांना अडीच पीळ, मान पांढुरकी, म्हातारा, कळपातून बाहेर पडलेला. वारा आमच्या तोंडावर होता. मी घोडी उभी केली, बंदूक टेकवली. जनावर आडवे उभे होते. मग मी थांबलो. किती वेळ ते सांगता येत नाही. मुलगी म्हणते, फार वेळ. मला नंतर कळले की, मी कोणीतरी कानात "आता" म्हणण्याची वाट बघत होतो. मागे कोणी नव्हते. शेवटी पत्नी हळूच म्हणाली, "म्हाताऱ्या, मार की. त्याला काय जेवायला बोलवायचंय?"

मी एकच गोळी झाडली. जनावर चाळीस पावले धावून पडले.

शेजारच्या मोपानेच्या झाडाची डहाळी मोडून मी त्याच्या तोंडात दिली. दुसरी रक्ताला लावली. कमाती म्हणाला, "आण इकडे, मी खोचतो. टोपी तरी सरळ कर." मी नको म्हणालो. तो म्हणाला, "का, माझ्या हाताला काटे आहेत?" मी म्हणालो, "तू मला इथवर आणलंस का?" त्याला राग आला नाही. तो बाजूला जाऊन चाकूला धार लावत बसला. मुलीने मोबाईलवर फोटो काढला. त्यात मी जनावराच्या मागे गुडघ्यावर बसलो आहे, माझे तोंड दिसते. शिंगे धरायला योशुआ गवतात पालथा पडला होता. मी त्याला उठवून माझ्या शेजारी बसवले. सदर मोबाईल जप्त आहे.

मांस, कातडे व शिंगे आम्ही फार्मच्या शीतगृहात रीतसर टांगली. फक्त काळीज तेथेच भाजून खाल्ले. दुपारी एक वाजता मी एकटा बाभळीखाली गेलो व ती दुसरी डहाळी मालकांच्या थडग्यावर ठेवली. रविवारी सकाळी रियान साहेबांनी रक्त लागलेली डहाळी पाहिली आणि तेथून सर्व प्रकार उघडकीस आला.

सार्जंटनी विचारले, लपवायचे नव्हते तर सांगितले का नाही? मी म्हणालो, सांगितले. ज्यांना सांगायचे त्यांना सांगितले. चोराच्या मनात चांदणे म्हणतात. माझ्या मनात तसले काही असते, तर रक्ताची डहाळी घेऊन मी भर दुपारी मालकांच्या घरामागे कशाला गेलो असतो? मला एवढेच वाटले की, जनावरापर्यंत मला ज्याने नेले तो तिथे आहे. त्याला माझ्या टोपीपर्यंत येता येत नव्हते, म्हणून मी गेलो.

पुढील जबाब त्याच दिवशी, दुपारी ३ वाजता.

सार्जंट फार्मवर जाऊन आले. कचेरीच्या दारामागे पाहुण्यांचा वर्षाचा तक्ता टांगलेला होता, तो त्यांनी आणला. रियान साहेबही बरोबर आले. त्यांनी सांगितले की, दार कायम उघडे असते, त्यामुळे मागचा तक्ता त्यांनी पाहिलेला नव्हता. तक्ता मी आज प्रथम पाहिला. अक्षर मालकांचे आहे, मी ओळखतो. प्रत्येक ओळीत पाहुण्याचे नाव, खोली, जनावर, वाटाड्या व शेरा असे रकाने आहेत. वाटाड्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत माझे नाव आहे. शेऱ्यात पाहुण्यांची दुखणी लिहिलेली असतात, म्हणजे कोणाला कसे न्यायचे ते कळते.

जूनच्या दुसऱ्या शनिवारची ओळ सार्जंटनी मला वाचायला सांगितली. अक्षर कापरे आहे. मी वाचले ते असे. पाहुणा: हिस्किया उइराब व त्याची माणसे. खोली: एक नंबर. जनावर: कुडू, मोठा. वाटाड्या: गेरहार्ट ल्युटिख. शेरा: वाटाड्याचे पाय दुखतात, पाहुण्याने सांभाळून घ्यावे.

मी पाणी मागितले. ते देण्यात आले.

रियान साहेबांनी तक्रार मागे घेत असल्याचे सार्जंटना सांगितले. डहाळी त्यांनी पुरावा म्हणून कागदी पिशवीतून आणली होती, ती टेबलावर होती. रियान साहेबांनी ती पिशवीतून काढली आणि माझ्या टोपीकडे बघितले. मी टोपी काढून मांडीवर घेतली. ती डहाळी जिथून उचलली तिथेच परत ठेवावी, एवढी माझी विनंती आहे.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावरून सांगतो की, शनिवारी मी फार जोरात चाललो. सार्जंट म्हणाले, "बाबा, याचा गुन्ह्याशी संबंध नाही. खोडू का?" मी म्हणालो, राहू द्या.

हा जबाब मला माझ्या दमारा भाषेत सावकाश वाचून दाखवण्यात आला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. काही गाळलेले नाही, काही खोडलेले नाही. खाली माझी सही आहे.

हिस्किया उइराब
समक्ष: सार्जंट नंगोंबे