पायरीवरचा दिवा

...नाही, मला सांगा, मी माणूस नाही का? संध्याकाळचे सात, मिट्ट काळोख, उणे अठरा थंडी, आणि मी माझ्याच पायऱ्यांवर उभा राहून हात हलवतोय, उड्या मारतोय... बहात्तराव्या वर्षी! खोक्यावर लिहिलंय, 'हालचाल दिसताच आपोआप लागतो.' आणि दिवा? ढिम्म!

काच पुसली, बर्फ खरवडला, वायर नव्यानं जोडली. किती अंधार पडला म्हणजे लागायचं ते ठरवणारा एक बारीक खटका असतो, तो पेचकसानं पिळून पिळून मोडायला आला. दिवा ढिम्म!

त्यात आमची इल्वा, मुलगी हो, फोनवर, "बाबा, शनिवारी येतेय. दिवा लागत नसेल तर तुझं सामान बांधायचं. वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय!" तिचं तरी काय चुकलं? डिसेंबरात याच पायऱ्यांवर तिची आई घसरली... आमची गुद्रुन. लाकडं आणायला निघाली होती. खुबा मोडला, आणि सतरा दिवसांत सगळं संपलं. मग मी दिवा आणला. मग! शहाणाच की नाही मी?

शेवटी शेजारचा सिक्स्टेन आला. जन्मभर वायरमनकी केलेला माणूस. शिडी नाही, काही नाही, नुसतं वर बघितलं, "गाढवा, दिव्याशेजारी तुझ्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत नाताळचा तारा जळतोय! उजेड थेट दिव्यावर. त्याला वाटतंय अजून दिवसच आहे. आणि नाताळ संपला म्हणून आपल्याकडे तेरा जानेवारीलाच उतरवतात ना तारा? फेब्रुवारी सरला की!"

"अरे, राहिला..."

"मग काढ! दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं! तुम्हाला सांगतो, तो तारा गुद्रुननं टांगलाय. स्टुलावर चढून, स्वतःच्या हातानं. पडायच्या चार दिवस आधी. दोऱ्याची गाठ तिची आहे हो! मी हात वर नेला... आणि तसाच खाली आणला. सिक्स्टेन बिचारा टोपी घालून निघून गेला.

आता शनिवारी इल्वा येईल, काय व्हायचं ते होईल. तारा राहणार, आणि पेटलेलाच राहणार. सहा हिवाळे गुद्रुन म्हणत होती, "अरे, पायरीवर एक दिवा बसव रे!" सहा हिवाळे मी ढिम्म. आता मी हात हलवतोय आणि दिवा ढिम्म.

फिट्टंफाट!