पत्र्यावरची चिपाडं

...आन् वर म्हंत्यात काय, तर "पंखा लावा, म्हातारीला गरम हुतंय!" आता तुमाला सांगतो, हसावं का रडावं? म्हातारी पहाटं पाचला गेलेली, आन् नवाच्या टायमाला भावकीतली झुंबरबाई तिच्यावर पंखा सोडती! अवो, पंख्यानं गार कवा वाटतं? आंगाला घाम येतो, वाऱ्यानं त्यो वाळतो, मंग वाटतं. मयताला घाम कुठनं यायचा? पंखा करतो काय, तर पत्र्याखाली जमलेली सगळी धग खाली ढकलतो, ती थेट तिच्या तोंडावर! म्हनून मी गपचिप बटन बंद केलं, तर भितीला टेकलेल्या पन्नास बाया एका दमात वरडल्या, "आन् आमी काय मरायचं व्हय रं?"

बरं, तुमी म्हनाल, ह्यो कोन बटन बंद करनारा? मी आसाराम. घोडेगावाजवळ रस्त्याला रसवंती हाय माझी. शाळा नववी नापास. पन बर्फाची लादी सकाळपासनं दिवस मावळंस्तवर कशी टिकवायची, हे मला इचारा! बावीस उन्हाळे तेच करतोय. गोनपाट, भुसा, सावली, आन् झाकान सारखं उघडायचं न्हाई, बास. ऊन काय कुनाच्या बापाचं ऐकतंय व्हय? त्याला फट घावली की ते आत शिरतंय.

तर गेली ती माझी चुलती, छबूकाकू. एकाहत्तर वय. तिचा ल्योक कल्यान, आन् लेक माधुरी, ती दिली सुरतंला. कल्याननं पहाटं फोनवर बहिनीला शब्द दिला, "ताई, तू आल्याबिगर उचलत न्हाई." शब्द द्यायला काय जातंय! सुरत काय शेजारी हाय? पोरगी पोचनार सांजच्याला पाच-साडेपाचला. हिकडं मे म्हयना, चव्वेचाळीस डिग्री, वर पत्रा. गहिनीनाथ तात्या म्हंजी भावकीतलं जुनं खोड, त्यांनी तंबाखू मळत निकाल दिला, "बाराला माती उरकून घ्या. ऊन लई हाय. लेकीला दहाव्याला फोटो दावा." फोटो! सांगा, आईचं तोंड फोटोत बघायला पोरगी बारा तास गाडीत बसलीया व्हय? कल्याननं माझा हात धरला. म्हनला, "आसारामदादा, कायबी कर. पाचपर्यंत आई ऱ्हायली पायजे." आता ह्या वाक्याला काय म्हनायचं तुमीच सांगा. जे वाक्य डाक्टरला म्हनायचं, ते हा रसवंतीवाल्याला म्हनतोय!

त्यात ती गार पेटी, काचंची, मयत ठेवायची... ती दुसऱ्या गावाला गेलेली. उन्हाळ्यात पेटीलाबी नंबर लागत्यात! एकजन म्हनला, "दुसरी हाय, फकस्त मशीन बंद हाय, नुसती काच चालंल का?" म्हनलं, बाबा, उन्हात उभी केलेली बंद जीप बघितली का कवा? काचंतनं ऊन आत जातं बिनबोभाट, आन् भाईर निघायचं नाव घेत न्हाई, पाव्हन्यावानी. राहू दे तुझी पेटी.

मंग काय, गेलो, रसवंतीच्या दोन लाद्या उचलल्या, टेम्पोत टाकल्या. येऊन बघतो तर दारात चूल पेटलेली! झुंबरबाई फुकनी घालून जाळ करत्यात. "काकी, हे काय?" तर म्हनल्या, "मयताला ऊन पान्यानं आंगूळ घालायची आस्ती, रीत हाय." अवो रीत हाय, कबूल हाय, माझ्या बापालाबी घातली, पन ती थंडीत! मी म्हनलं, निदान चूल तरी परसात न्या, सगळी झळ दारातनं आत जाती. तर त्या माझ्याकडं अशा बघाया लागल्या जसं काय मीच मारली म्हातारीला. घातली आंगूळ. कढत पान्यानं. आन् त्याच्यावर मी बर्फ ठेवायचा! एका हातानं तापवायचं, दुसऱ्या हातानं निववायचं... असला संसार केलाय का कुनी?

पुढं ऐका. तात्यांनी लाद्या कुठं ठेवल्या? उंबऱ्यात! म्हनले, "वारं दारातनं येतं. बर्फावरनं येईल, गार हून आत जाईल. कूलरवानी." वारं कसलं, उन्हाची झळ ती! लादीला नुसती चाटून खायाला लागली. आन् गारवा जड आसतो, तुमाला सांगतो, त्यो पान्यावानी खाली उतरतो. उंबऱ्यावरनं पायरीवर, पायरीवरनं थेट तात्यांच्या पायावर! आन् तात्या खूश. "बघ, बघ, लागतोय का न्हाई गारवा? मला लागतोय की!" म्हनलं, तात्या, तुमाला लागून काय उपेग, तुमचा नंबर यायचाय अजून! लई बोलून गेलो. पन लाद्या उचलल्या, फोडल्या, काकूच्या दोन्ही आंगाला लावल्या, वरनं गोनपाट टाकलं. की तात्या परत सुरू, "आरं येड्या, पांघरून घातल्यावर उबारा यील, बर्फ इतळंल!" आता ह्यांना कसं सांगायचं, की गोनपाट सोता काय ऊब देत न्हाई. ते निस्तं राखनदार. भाईरचं भाईर, आतलं आत. आत मानूस आसलं तर ऊब राखंल, बर्फ आसला तर गारवा राखंल.

राहिल्या पन्नास बाया. जितं मानूस म्हंजी चालतीबोलती चूल हो! म्हनलं, आयांनो, निम्म्याजनी लिंबाखाली बसा. झालं! "रडायला आलोय, आन् हाकलतो आमाला? लई शिकला व्हय तू?" बरं, रडून रडून खोली अजून तापवली. दुःखाचं काय म्हननं न्हाई माझं, पन ऊन काय कुनाच्या बापाचं ऐकतंय व्हय? ते मयताच्या घरात शिरताना चपला काढत न्हाई.

आन् ती खोली! गेल्या साली कल्याननं बांधली, आईला सवतंत्र खोली. कवतिकानं बांधली हो, वाईट हेतू कुनाचाच न्हवता. चार वीट भिती, वर पत्रा. पत्रा घटकंत तापतो, घटकंत निवतो, त्याचं एक बरं. पन वीट आतल्या गाठीची! दिवसभर ऊन गिळती आन् राच्च्याला सावकाश सोडती. म्हातारी दोन्हीच्या मधी. दिवसा पत्रा, राच्च्याला भिती. डाक्टर आला, नाडी बघितली, म्हनला, "वय झालं हुतं." वय? वय तर रोजच हुतं! ऊन चार रोजापासनं वाढलंय. पन तसं कागदावर कोन लिहितो? कल्यान खाली मान घालून बसलेला.

बाराला बर्फ निम्म्यावर आला. तात्या घड्याळ दावत हुते. तवा मी शिडी लावली. रसवंतीची चिपाडं... म्हंजी रस काढल्यावर उरतो ना उसाचा चोथा, त्याचा ह्यो ढीग पडलेला आसतो माझ्या मागं. टेम्पो भरून आनला. पत्र्यावर हात टेकला तर तळहाताला फोड! मी आन् कल्यान, दोघांनी ईतभर जाड चिपाडं पसरली, वरनं बोअरचं पानी मारलं. तुमाला सांगतो, अर्ध्या तासात खोली बदलली. झुंबरबाईनं आतनं पत्र्याला हात लावून बघितला. "आगं बया! चटकाच लागंना की!" तात्या सोता आत आले, म्हनले, "आसाराम, डोकं हाय रं तुला." म्हनलं, गप बसा तात्या. असा वसकलो की म्हातारं दचकलं. लोकांना वाटलं, उन्हानं डोकं फिरलं ह्याचं.

पन बर्फ टिकला. दुपारच्याला अजून एक लादी आनली, पन टिकला. साडेपाचला माधुरी आली. गाडीतनं उतरली ती पळतच. गोनपाट बाजूला केलं. काकूचं तोंड जसंच्या तसं, निजल्यावानी. पोरीनं आईचा हात हातात घेतला आन् दचकली, "एवढी गार?" आन् हात चोळाया लागली. दोन्ही हातांनी, जोर लावून, थंडीत लेकराचे चोळत्यात तसे. दिवसभर ती तापू नी म्हनून मी गावासंगं भांडलो, आन् लेक तिला तापवतीया! एका हातातली ऊब दुसऱ्या हातात जाती हो, ते खरं हाय. पन पलीकडनं कायतरी परत यावं लागतं. कुनी तिला हटकलं न्हाई. मीबी न्हाई.

मंग तिनं डोळं पुसलं, वर बघितलं, आन् माझ्याकडं वळली. म्हनली, "दादा, खोली किती गार हाय. आई चार रोज फोनवर म्हनायची, लई तापतंय गं, जीव घाबरा हुतोय. पन परवाच म्हनली, आता काळजी नको करू, आसारामला सांगितलंय, त्यो पत्र्यावर चिपाडं टाकतो म्हनलाय." आन् माझ्या पायाला हात लावला हो तिनं! "तेवढं तरी सुख झालं आईला. टाकली तुमी."

सांगितलं हुतं. काकू सोता रसवंतीवर आल्ती, डोक्यावर पदर घेऊन, भर उन्हात. दोनशे पावलं हाय ढीग तिच्या घरापासनं. मी म्हनलं, "काकू, गिऱ्हाईक हाय, उद्या टाकतो." तिनं रस पेला, बरं म्हनली, गेली. दुसऱ्या दिशीबी गिऱ्हाईक हुतं.

सगळा गाव बघत हुता.

"टाकली," म्हनलं.

कवा टाकली, ते तिनं इचारलं न्हाई.