माझ्या हातचं खाऊन पोरगी वाढली नाही म्हणे

आम्ही मूळचे देवगडकडचे, पण माझा जन्म घाटकोपरचा, लग्न करून अंधेरीला आले आणि तेव्हापासून डबे करतेय, ऑफिसांतली चाळीस माणसं माझ्या हातचं जेवतात, आणि मलाच लोकांनी विचारावं की तू पोरीला उपाशी ठेवतेस काय, तर राग येणार नाही का, काय सांगू तुम्हाला ताई.

मयुरी माझी एकुलती. दुसरीपर्यंत चांगली वाढली, मग थांबलीच. तोच युनिफॉर्म तीन वर्षं, लांबीला बसायचा आणि कमरेला मात्र मीच दरवर्षी उसवून द्यायचे. कुणाच्या डोक्यात आलं नाही हो, माझ्यापण नाही. गॅदरिंगला चौथीतल्या पोरीला पहिलीच्या पोरांत नाचवली. सारखी थंडी वाजायची, बसल्या जागी झोपायची, तर बाई बोलल्या आळशी आहे. सासू बोलायची, खावक घाल गो तिका, तुझ्या हाताक गुण नाय. अंडी घातली, तूप घातलं, दूध तर जबरदस्तीने, पोरगी रडायची आणि मी भरवायची. आमचा नाक्यावरचा डॉक्टर दरवेळी पावडर लिहून द्यायचा, मान वर न करता.

आठवीत ताप हटेना म्हणून मोठ्या हॉस्पिटलात नेली. तिथली डॉक्टरीण पोरगीच होती, तिने मयुरीचा गळा चाचपला, भिंतीला उभी करून मापली, आणि विचारलं, कपडे कुठे कमी पडतात, लांबीला की कमरेला? मी आधीच पेटलेली, बोलले, सगळं खायला देते हो मी. तर ती बोलली, तुमच्या जेवणात काही कमी नाही, उपाशी पोर बारीक होतं, हिचं वजन वाढतंय आणि उंची नाही, मला थायरॉईडची शंका येते. रक्त तपासलं, तेच निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एवढीशी गोळी, बस. सहा वर्षं त्या गोळीविना गेली माझ्या पोरीची.

मी तशीच नाक्यावर गेले, पेशंट बसलेले, रिपोर्ट टेबलावर ठेवला. तो बोलला, थंडी वाजते, झोपते, हे तुम्ही कधी सांगितलंच नाही. मी बोलले, सांगितलं होतं, आणि डोळ्यांनी दिसत होतं ते? एकदा तरी भिंतीला उभी केलीत तिला? त्याने रिपोर्ट बाजूला सारला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सासूलापण तोच कागद वाचून दाखवला. सॉरी कुणी बोललं नाही, आजपर्यंत नाही.

गोळीने पोरगी जागी झाली, हसायला लागली, उंचीपण वाढली, पण डॉक्टरीण बोललीच होती की गेलेली सगळी वर्षं भरून नाही निघणार. पाच फुटाला चार बोटं कमी राहिली. आता दिंडोशीला वकिलाकडे कामाला आहे, सगळ्या फाइली तिच्या ताब्यात. अजून लोक विचारतात, आई जेवायला घालत नाही का गं. ती हसते. मला बोलते, आई, सोड ना आता. मी नाही सोडणार. तिने सोडलंय ना, बरं झालं, देव तिला असंच हसतं ठेवो, राग काय तो मी सांभाळते.