निखिलची रोजची गोळी

ऐका तर, परवा मी एक जुळत आलेली जोडी जवळजवळ मोडलीच होती! आमच्या वरच्या मजल्यावर निखिल किरायाने राहतो. त्याला मुलगे आवडतात, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. रोज एक गोळी घेतो, ती कसली हे मात्र मी खोदून खोदून काढून घेतलं. तेव्हापासून रोज विचारते, "गोळी घेतली का रे?"

परवा पोहे घेऊन वर गेले, तर त्याचा नवा मित्र गौरव बसलेला. सवयीने तोंडातून निघालंच.

गौरव दचकला. "कसली गोळी? तू बीमार आहेस?"

निखिल म्हणाला, "नाही रे, व्हिटॅमिन."

मी म्हटलं, "खोटं का बोलतो? एचआयव्हीची आहे ना ती!"

गौरवचा चमचा हातातच राहिला. निखिल रडवेला झाला. "काकू, प्लीज!"

मी घाईने गौरवला म्हटलं, "अहो भिया, झालाय म्हणून नाही, होऊ नये म्हणून! डॉक्टरने तपासणी करून दिलीय. पोरगा एकदम निरोगी आहे!"

गौरव उठला. मला वाटलं, चालला हा. पण त्याने बॅगेतून बी-कॉम्प्लेक्सची डबी काढली. "काकू, मीपण तीच घेतो. हा काय म्हणेल, म्हणून यात लपवून ठेवतो."

मग दोघं एकमेकांकडे बघून असे काही हसले, की मला कळलं, आता इथे माझं काही काम नाही. पण पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरायचा राहिला होता ना, म्हणून बसूनच राहिले.