रिकाम्या घरांची यादी

क्लोव्हिस : मग पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकातून लायनेलला काढतोय, मिस अर्लीन. दुसरा पहारेकरी बघू. आपल्या पहारा समितीच्या अध्यक्ष तुम्ही, फक्त सही करा.

अर्लीन : घाई कसली? अकरा वर्षं आपल्या गल्ल्यांतून गस्त घालतोय तो.

क्लोव्हिस : तेच तर, कुंपणानंच शेत खाल्लं! पाच घरफोड्या, आणि पाचही घरच्यांनी गावाला जाणार म्हणून समितीला कळवलेलं. ती यादी असते माझ्याकडे, आणि लक्ष ठेवायला मी देतो लायनेलला. तिसरं कोण आहे?

अर्लीन : म्हणजे एक तो, नाहीतर तू.

क्लोव्हिस : थट्टा करताय?

अर्लीन : अजून ठरलं नाही.

क्लोव्हिस : ऑक्टोबरात मतदान आहे. पहाऱ्यासाठी दर घरामागे घेतो ती वर्गणी चालू ठेवायची की पहाराच बंद करायचा, ते लोक ठरवणार. चोर कोण ते विचारतील. काय सांगायचं?

अर्लीन : म्हणून लायनेल? शनिवारी मिसेस हिंगलकडे चोर शिरला, तेव्हा ती पलंगावर होती.

क्लोव्हिस : ती मोबील शहरात बहिणीकडे जाणार होती ना?

अर्लीन : बेत फिसकटला. तुला नाही कळवलं. गस्तीची गाडी थांबवून लायनेलला सांगितलं. चोर लायनेलचा माणूस असता तर त्या घरात शिरला असता? चोराकडे जुनी यादी होती.

क्लोव्हिस : जुनी यादी माझ्या कपाटात आहे. कुलपात!

अर्लीन : आणि चौदाव्या पानावर.

क्लोव्हिस : कसल्या?

अर्लीन : आपल्या वार्षिक आराखड्याच्या. मे महिन्यात तू नगरपरिषदेला पाठवलास तो.

क्लोव्हिस : अहो, त्या नगरसेवकानं खवचटपणे विचारलं होतं, पहारेकरी पगार घेऊन करतो काय? म्हणून दाखवलं, उन्हाळाभर एवढ्या घरांवर लक्ष ठेवतो. पत्ते, जायच्या-यायच्या तारखा... नीट तक्ता केला होता.

अर्लीन : छानच होता. परिषदेनं नेहमीसारखा अख्खा आराखडा संकेतस्थळावर टाकला. मी आज सकाळी तिथंच वाचला.

क्लोव्हिस : ...त्यावर सही तुमची आहे, मिस अर्लीन.

अर्लीन : आहे. न वाचता केली. उद्याच्या सभेत ते सांगणार आहे.

क्लोव्हिस : मग पहारा बुडालाच. त्यापेक्षा एकटा लायनेल गेला तर...

(दाराची घंटा वाजते. लायनेल आत येतो.)

लायनेल : गाडीच्या किल्ल्या आणल्यात, मिस अर्लीन. क्लोव्हिसनं सकाळीच फोन करून मागितल्या. चर्चमध्ये काल माझ्या बायकोशेजारी कुणी बसलं नाही. एवढंच सांगतो, मी चोर नाही.

अर्लीन : किल्ल्या खिशात ठेव. क्लोव्हिस, याला तू सांगतोस की मी?

क्लोव्हिस : बस ना, लायनेल. सोमवार आहे, दर सोमवारचा राजमा-भात तयार आहे. वाढतो.

अर्लीन : आधी सांग. मग वाढ.