बर्फीचा दहा आठवड्यांचा उपास

हॅलो?… हं, सुचेता, बोल… हळू बोलतेय, कारण ती जेवतेय… तनिषा नाही गं, बर्फी! तनिषाचा अजगर!

थांब, आधी माझं नुकसान ऐक. उद्या रविवार ना? उद्यापर्यंत बर्फीने काही खाल्लं नाही, तर क्रॉयडनच्या त्या साप पाळणाऱ्या अनुभवी बाईंकडे तिला देऊन टाकीन, हे तनिषानेच कबूल केलं होतं. म्हणजे सोमवारपासून बर्फीची बॉक्सरूम, ती वरची छोटी खोली, माझी. शिलाई मशीन, कापडांचे गठ्ठे, खिडकीतला उजेड… हो, पडद्याचं मापसुद्धा घेऊन ठेवलं होतं! त्यासाठी मला फक्त काही न करता बसायचं होतं.

दहा… अगं दहा आठवडे! व्हेट म्हणाला ठणठणीत आहे. दुकानवाला म्हणाला, व्हरायटी द्या, तेच तेच खाऊन कंटाळली असेल… हसू नकोस, तुझा यतीन रोजच्या पोळीभाजीला नाक मुरडतोच ना? तर छोटा उंदीर झाला, मोठा उंदीर झाला, जर्बिल झालं… उंदरासारखंच, शेपटीला गोंडा… छे, जिवंत कुठले, सगळे फ्रोझन. ही यायची, जीभ लपलप करायची, आणि तोंड फिरवायची.

हो, हो… अगं ऐक ना! काल तनिषाने शेवटचा उपाय म्हणून क्वेलची, म्हणजे लाव्या पक्ष्याची, फ्रोझन पिल्लं आणली. आज ती हीथ्रोला ड्यूटीवर. मी नेहमीसारखं पाकीट डब्यात रिकामं करायला गेले… मीच करते ते. फ्रीजरमध्ये पारदर्शक पिशवीतून, मटारांच्या शेजारी, बघवत नाही गं मला. झाकण उघडलं आणि… लसूण!

तोच! आईस्क्रीमचा, दोन लिटरचा. तू लसणीची चटणी भरून दिली होतीस तो, उपास सुरू झाला त्याच सुमारास मी वापरायला काढलेला… धुतला होता, तीनदा धुतला! आणि तनिषा म्हणते, बर्फीचं सगळं वासावर चालतं. माझ्या लेकीने तीन तऱ्हा आणल्या, आणि मी तिन्हींना एकच चटणी फासली!

हो… गप्प बसता आलं असतं. बसलेही, पाच मिनिटं. मग वर गेले. कणा दिसायला लागलाय गं तिचा… माझ्या डब्यापायी.

मग काय! पिल्लू थेट पाकिटातून काढून गरम पाण्यात ठेवलं, फुलक्यांच्या चिमट्यात धरलं, डोळे मिटले… आणि चिमट्याला असा हिसका! सुचेता, तिचं डोकं दोन बोटांएवढं, पिल्लू मुठीएवढं. जबडा उघडत गेला… उघडतच गेला. आधी डावी बाजू पुढे, मग उजवी, जणू त्या पिल्लावरून चालत निघालीय. हात नाहीत, चावणं नाही, घाई नाही… भीती? नाही वाटली. मी खालीच बसले, कार्पेटवर. गाभाऱ्यात कसा आपोआप आवाज बंद होतो…

थांब. आता नुसते पाय दिसतायत… एकच… गेलं.

हॅलो?… आहे. रडत नाहीये मी!

खाली दार वाजलं, तनिषा आली… सांगते ना, डब्याचंही सांगते. नाहीतर ती आयुष्यभर त्या दुकानवाल्याचे गोडवे गाईल.

कुणाला महागात पडलं? मोज की. पिल्लाचा जीव तर आधीच गेला होता. माझी खोली गेली, चिमटा गेला, डबा कचऱ्यात चाललाय… बर्फीला फुकट? नाही गं. तिने दहा आठवड्यांच्या उपासाची किंमत आधीच भरलीय… बघ, जांभई देतेय. ठेवते.